चढणाऱ्या गाडीला आधी वाट

ताइफ हे सौदी अरेबियातील शहर आपल्यापैकी बहुतेकांना फक्त बातम्यांतून माहीत असेल. लेबनॉनचे यादवी युद्ध थांबवणारा करार १९८९ साली तेथे झाला आणि त्या शहराचे नाव जगभर गेले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९० मध्ये, इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा तेथील अमीर आणि त्यांचे मंत्रिमंडळ ताइफलाच येऊन राहिले आणि कित्येक महिने एका देशाचा कारभार डोंगरावरच्या एका हॉटेलातून चालला. एरवी हे गाव गुलाबांचे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० ते १,९०० मीटर उंचीवर, सरावत पर्वताच्या रांगेत वसलेले. उन्हाळ्यात खाली जेद्दा आणि मक्का भाजून निघत असताना येथे गारवा असतो, म्हणून राजघराणे आणि सरकारी कचेऱ्या उन्हाळ्यासाठी येथे येत असत. आपल्याकडे जसे पोर्ट लुईच्या उकाड्यातून लोक वाक्वा-क्यूरपीपला वर येतात तसेच, फक्त माप मोठे.

मक्केच्या बाजूने ताइफला चढायला दोन प्रमुख रस्ते आहेत. एक अल् हदाचा घाट. १९६० च्या दशकात डोंगर फोडून बांधलेला, वळणावळणांचा, जवळचा आणि चढाचा. दुसरा अस् सैलचा रस्ता. तो लांबून फिरून येतो, पण चढ सौम्य. मोठ्या मालमोटारींना हदाच्या घाटात मनाई आहे, त्यांनी सैलच्या रस्त्याने जायचे. यात मालमोटारवाल्याचा अपमान नाही. त्याच्या सिमेंटच्या गोण्या तासभर उशिरा पोचल्या तर त्या नासत नाहीत, पण त्याच्या चाळीस टनांच्या गाडीमागे वळणावर अडकलेल्या रुग्णवाहिकेतील माणसाला तो तास परवडत नाही. ज्याने हा नियम केला त्याने मालमोटारीचा मालक कोण हे विचारले नाही. गाडी कसली, वजन किती, थांबली तर काय होईल, एवढेच पाहिले.

आमच्या आजच्या विषयाचे सगळे मर्म या दोन रस्त्यांत आहे. विषय आहे कार्यालये, रुग्णालये, विद्यापीठे, बँका यांच्या आत पसरलेल्या संगणकांच्या जाळ्याचा आणि त्या जाळ्यावर कोणाला आधी वाट द्यावी या प्रश्नाचा. आपली मुले-मुली आज एबेनच्या सायबर सिटीत, बँकांत, सरकारी खात्यांत याच जाळ्यांवर काम करतात, काही जण ती जाळी सांभाळतातही. तेव्हा हा विषय तंत्रज्ञांवर सोडून आपण मोकळे झालो, असे करून चालणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम ही रांग लागते कशी ते पाहू. संगणक जे काही पाठवतो, मग ते पत्र असो, क्ष-किरणाचे छायाचित्र असो की आपला आवाज असो, त्याचे तो लहान लहान तुकडे करतो. त्याला पॅकेट म्हणतात, आपण पाकीट म्हणू. प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो. वाटेत राउटर नावाचे यंत्र पोस्टमास्तरासारखे बसलेले असते. ते पत्ता वाचते आणि पाकीट पुढच्या दुव्यावर ढकलते. येणारी पाकिटे जाणाऱ्या पाकिटांपेक्षा जास्त झाली की राउटरपुढे रांग लागते. रांगेची जागा भरली की नंतर येणारे पाकीट फेकून दिले जाते. होय, फेकून. इंटरनेटचे मूळ तत्त्वच हे आहे की यंत्र प्रयत्न करील, हमी देणार नाही. पाठवणाऱ्याला पोच मिळाली नाही तर त्याने पुन्हा पाठवावे.

आता थोडा हिशेब. टेलिफोनचा आवाज जाळ्यावरून पाठवायचा झाला तर सेकंदाला ५० पाकिटे लागतात, एकेक साधारण २०० बाइटचे. म्हणजे सगळे मिळून ८० किलोबिट, फार नाही. ही पाकिटे म्हणजे पोस्टकार्डेच. उलट मोठी फाइल किंवा रात्रीचा बॅकअप १,५०० बाइटच्या पाकिटांनी जातो, ती पार्सले. एखाद्या संस्थेची बाहेर जाणारी लाइन सेकंदाला २ मेगाबिटची असेल तर एक पार्सल बाहेर पडायला ६ मिलिसेकंद लागतात. कोणी मोठी फाइल पाठवली आणि रांगेत १०० पार्सले उभी राहिली, तर मागून आलेल्या पोस्टकार्डाला ६०० मिलिसेकंद थांबावे लागेल. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे बोलण्याचा एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. त्याच्या चौपट उशीर झाला की दोघेही एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात, आणि शेवटी "हॅलो, ऐकू येतंय का?" एवढेच संभाषण उरते. फाइल मात्र अर्धा सेकंद उशिरा पोचल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. पोस्टकार्डाला पार्सलांच्या पुढे काढले तर पार्सलांचे काही बिघडत नाही आणि पोस्टकार्डाचे सगळे साधते. एवढ्या साध्या गोष्टीसाठी जी विद्या उभी राहिली तिला क्वालिटी ऑफ सर्व्हिस म्हणतात.

ही कल्पना आजची नाही. इंटरनेटचा मूळ करार सप्टेंबर १९८१ मध्ये लिहिला गेला तेव्हाच प्रत्येक पाकिटावर तीन बिटांची जागा अग्रक्रमासाठी राखली होती, म्हणजे आठ पायऱ्या. त्यांची नावे वाचली की लष्करी तारायंत्राचा वास येतो: रूटीन, प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश आणि त्याच्याही वर फ्लॅश ओव्हरराइड. १९९८ च्या डिसेंबरात तीच जागा वाढवून सहा बिटांची केली, म्हणजे ६४ प्रकारचे शिक्के मारता येऊ लागले. आवाजाच्या पाकिटावर आजही बहुतेक ठिकाणी ४६ क्रमांकाचा शिक्का असतो. आपल्या वडीलधाऱ्यांना हे नवे वाटू नये. हिंदुस्थानात तार साधी आणि तातडीची अशी दोन प्रकारची असे, तातडीचीला दर जास्त. कोकणातल्या घरी तार आली की उघडण्याआधीच बायका डोळ्यांना पदर लावत, कारण तातडीने सांगण्यासारखी बातमी बहुधा एकच असे. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आपल्या बेटालाही १८९३ साली समुद्रातून तारेचा दोर आला, सेशेल्स-झांझिबारच्या वाटेने.

परंतु तारेच्या त्या पद्धतीत एक खोट होती. तातडी कोणाची, हे गरजेवरून ठरत नसे, पैशावरून ठरे. सावकार कापसाचा भाव कळवायला दुप्पट दर देऊ शके, विधवा नव्हे. आमचा या लेखातील आग्रह याच मुद्द्यावर आहे. जाळ्याच्या आत अग्रक्रम असावा, जरूर असावा, पण तो कामाच्या जातीवरून असावा, करणाऱ्याच्या पदावरून नव्हे.

कल्पना करा की ताइफमधले एक मोठे रुग्णालय आहे. अशी रुग्णालये त्या शहरात आहेत, त्यात लष्कराची मोठी रुग्णालये आहेत, आणि सौदीतील इतर रुग्णालयांप्रमाणे तेथे देशोदेशीच्या परिचारिका व तंत्रज्ञ राबतात. एकाच जाळ्यावर अतिदक्षता विभागातील यंत्रांचे आकडे जातात. स्कॅनची छायाचित्रे जातात, आणि एकेका तपासणीत शेकडो छायाचित्रे असतात. फार्मसीची नोंद, पगाराचा हिशेब, संचालकांची चित्रफितीवरील बैठक, पाहुण्यांच्या दालनातील वायफाय, आणि रात्री सगळ्याचा बॅकअप हेही त्यावरच. यात पुढे कोण? अतिदक्षता विभाग, हे शाळकरी पोरही सांगेल. त्याच्या खालच्या सगळ्या जागांबद्दल मात्र भांडण लागते. संचालक म्हणतात, आमची बैठक अडखळता कामा नये. हिशेबखाते म्हणते, महिनाअखेरीस आमच्याइतकी निकड कोणाची? संगणक विभागातला तरुण बिचारा काय करणार? जो मोठ्या आवाजात बोलेल त्याच्या पाकिटांवर तो सोनेरी शिक्का मारतो. वर्षभरात सगळ्यांच्याच पाकिटांवर सोनेरी शिक्के होतात. सगळेच पहिल्या वर्गात बसले की पहिला वर्ग कुठला राहिला?

हा नुसता कल्पनेचा खेळ नव्हे. आमच्या परिचयातील एका कचेरीत, तिचे नाव घेण्याचे कारण नाही, वरिष्ठांच्या मेजावरील संगणकांना सर्वांत वरची रांग दिली होती. संगणकाला दिली होती, कामाला नव्हे. परिणाम असा की साहेबांच्या खोलीत क्रिकेटचा सामना स्वच्छ दिसे आणि खालच्या मजल्यावर खिडकीपुढे उभ्या असलेल्या पेन्शनरांची नावे पडद्यावर यायला मिनिटे लागत. तक्रार केली तर उत्तर मिळे, लाइन लहान आहे. लाइन लहान नव्हती, यादी चुकीची होती.

हिंदुस्थानातील मोटार कायद्याच्या नियमांत एक कलम आहे. डोंगरातील अरुंद रस्त्यावर खाली उतरणाऱ्या गाडीने वर चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी. आपले पूर्वज ज्या कोकणातून आले तेथून घाटमाथ्यावर जायचे म्हणजे आंबोली किंवा कुंभार्ली चढणे आलेच. तेथल्या चालकांना हे कलम वाचावे लागत नाही. चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा उचलणे कठीण, उतरणाऱ्याला थांबणे त्या मानाने सोपे. म्हणून चढणाऱ्याला आधी वाट. समोरून चढणारी एस.टी. आहे की मंत्र्यांची मोटार, याने नियमात फरक पडत नाही. थांबल्याने ज्याचे जास्त बिघडते त्याला आधी जाऊ द्यावे, एवढेच तो नियम सांगतो. संगणकाच्या रांगेसाठी याहून चांगली कसोटी आम्हाला सापडलेली नाही. टेलिफोनचा आवाज, अतिदक्षता विभागाचा आकडा, खिडकीपुढे उभ्या म्हाताऱ्याचे नाव, ही चढणारी वाहने. बॅकअप, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, उद्या पाहायचा चित्रपट, ही उतरणारी.

आता दुसरी बाजू. पुढच्या रांगेला वाट देताना मागची रांग उपाशी मरू नये. यंत्राला नुसते सांगितले की वरची रांग रिकामी झाल्याशिवाय खालच्या रांगेकडे पाहू नकोस, तर ते अक्षरशः तसेच करते. त्याला दया नाही. म्हणून जाणते तंत्रज्ञ वरच्या रांगेला मर्यादा घालतात. राउटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या मार्गदर्शक पुस्तिकांत हे प्रमाण दिले आहे: आवाज-चित्राच्या तातडीच्या रांगेला दुव्याच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त देऊ नये, आणि ज्यांच्यावर कसलाच शिक्का नाही अशा सामान्य पाकिटांसाठी निदान २५ टक्के राखून ठेवावे. पंचवीस टक्के, म्हणजे चौथाई! आपल्या पूर्वजांच्या फौजा मुलखामुलखांतून चौथाई वसूल करीत फिरत, येथे ती सामान्यांच्या पदरात टाकायची आहे. इतिहासाची ही उलटी चाल आम्हाला मोठी गमतीची वाटते.

हे प्रमाण राखण्याची युक्तीही घरगुती आहे. पाणी टंचाईच्या दिवसांत प्रत्येक बिऱ्हाडाला मोजक्या बादल्या मिळाव्यात तसे यंत्र प्रत्येक रांगेच्या नावे ठराविक वेगाने बिल्ले टाकत राहते. बिल्ला असेल तर पाकीट जाईल, नसेल तर थांबेल. थोडे बिल्ले साठवता येतात, त्यामुळे एकदम चार पाकिटे आली तरी चालते. पण रोजच उधळपट्टी केली तर डबा रिकामा. आणखी एक पद्धत आहे. रांग पूर्ण भरण्याची वाट न पाहता आधीच अधूनमधून एखादे पाकीट टाकून द्यायचे, म्हणजे पाठवणाऱ्याला इशारा मिळतो आणि तो आपला वेग कमी करतो. वरवर क्रूर वाटणारी ही गोष्ट सगळ्यांचा उद्धार करते.

कारण एक प्रसंग असा घडून गेला आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कले येथील विद्यापीठ आणि त्याच्या शेजारची प्रयोगशाळा यांच्यामधील दुवा, अंतर अवघे चारशे यार्ड, सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. तार तुटली नव्हती. सगळे संगणक एकाच वेळी पाठवत होते, पोच आली नाही की पुन्हा पाठवत होते, आणि पुन्हा पाठवलेल्याचीच गर्दी झाली होती. व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये त्यावर उपाय प्रसिद्ध केला. त्याचे सार एवढेच की पाकीट हरवले तर समजावे पुढे गर्दी आहे, आणि आपण होऊन मागे सरावे. आजचे इंटरनेट त्या शिष्टाचारावर उभे आहे. कोणताही पोलीस उभा नाही, तरी कोट्यवधी यंत्रे परस्परांना वाट देतात. गंगा तलावाच्या रस्त्यावर महाशिवरात्रीला हे माणसांना जमत नाही, म्हणून तेथे पोलीस लागतात.

कोणी म्हणेल, ही सगळी कटकट कशाला? लाइनच मोठी घ्या. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते आम्ही नाकारत नाही. अमेरिकेतील विद्यापीठांनी चालवलेल्या इंटरनेट२ या जाळ्यावर हमीच्या खास रांगेचा मोठा प्रयोग झाला. २००२ मध्ये तो गुंडाळला, कारण दुवे मोठे करणे हे रांगांची व्यवस्था लावण्यापेक्षा स्वस्त आणि सोपे पडले. १०० मेगाबिटच्या दुव्यावर आमचे ते पार्सल ०.१२ मिलिसेकंदात निघून जाते, मग भांडण कशाचे? आपल्या बेटावर घरोघर फायबर आले आहे, तेव्हा अनेक लहान संस्थांना हाच सल्ला योग्य ठरेल. ज्याची लाइन रिकामी आहे त्याने रांगेचे शास्त्र शिकण्यात आयुष्य घालवू नये.

पण सगळे दुवे एकाच वेळी मोठे होत नाहीत, आणि मोठा दुवा नेहमीच मोठा राहत नाही. ताइफ डोंगरावर असले तरी त्याचे बंदर जेद्दा, दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर. युरोप आणि आशियाला जोडणारे समुद्रातले कित्येक दोर लाल समुद्रातून जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये लाल समुद्रात काही दोर तुटले. पुढे ६ सप्टेंबर २०२५ रोजी जेद्दाजवळ दोन मोठे दोर तुटले आणि हिंदुस्थान, पाकिस्तान व आखातातील देशांत इंटरनेट मंदावले. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या ग्राहकांना कळवले की मध्यपूर्वेतून जाणाऱ्या वाहतुकीला उशीर होईल. असे दोर जोडायला जहाज जावे लागते, आठवडे लागतात. तोपर्यंत उरलेल्या वाटेवरून सगळ्यांनी जायचे. त्या दिवशी जास्त लाइन विकत घेता येत नाही. आपल्याला हे वेगळे सांगायला नको. २००२ मध्ये सेफ हा दोर आला, दक्षिण आफ्रिकेहून रियुनियन, मॉरिशस, कोचीमार्गे मलेशियापर्यंत जाणारा, तोवर आपले बेट उपग्रहावर होते. २००९ चा लायन, २०२१ चा मेटिस हे दोर नंतरचे. बेटावरच्या माणसाला हातातली वाट एकाएकी अरुंद झाली तर काय होते, याची कल्पना शहरवाल्यांपेक्षा जास्त असते. चक्रीवादळ येण्यापूर्वी आपण तांदूळ भरतो, मेणबत्त्या आणतो. कोणाचे पाकीट आधी जाईल याची यादीही तशीच आधी करायची असते. वादळात ती करता येत नाही.

२०२० सालच्या मार्चमध्ये सगळ्या जगाने ही अरुंद वाट पाहिली. आपण येथे घरांत कोंडलेलो होतो. युरोपात नेटफ्लिक्स आणि यूट्यूब यांनी चित्रांचा दर्जा उतरवला, हिंदुस्थानातही मोबाइलवरील चित्रे साध्या दर्जाची करण्यात आली, म्हणजे डॉक्टरांच्या आणि शाळांच्या कामाला वाट राहावी. सौदी सरकारने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुलांसाठी मद्रसती नावाची शाळा जाळ्यावर उघडली आणि सगळ्या देशाच्या घराघरांतून वर्ग भरू लागले. चित्रपट जरा धूसर झाला म्हणून कोणी मेले नाही. येथे तंत्रज्ञांनी नव्हे, समाजाने ठरवले की काय थांबू शकते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर आमच्या म्हणण्याचा विपर्यास होईल. स्वतःच्या संस्थेच्या आत रांग लावणे वेगळे, आणि सार्वजनिक रस्त्यावर पैसे घेऊन रांग तोडू देणे वेगळे. घरात आजीला आधी ताट वाढावे, हा घरचा नियम झाला. गावच्या विहिरीवर पाटलाच्या घागरीला आधी पाणी, हा अन्याय झाला. हिंदुस्थानातील दूरसंचार नियामकाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी निरनिराळ्या संकेतस्थळांसाठी निरनिराळे दर लावण्यास बंदी केली, आणि २०१८ मध्ये सरकारने सर्व वाहतुकीला समान वागणूक देण्याचे तत्त्व मान्य केले. त्यात दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या खास सेवांना अपवाद ठेवला. अपवाद काय ठेवला हे पाहा: शस्त्रक्रिया, शेठजींची मिरवणूक नव्हे. आम्हाला ते योग्य वाटते.

सौदी अरेबियात याच प्रश्नाला आणखी एक धार होती, आणि ती आमच्या मनाला अधिक लागते. तेथे सामान्य लोकांना इंटरनेट १९९९ मध्ये मिळाले, आणि अनेक वर्षे परदेशी जाणारी-येणारी सारी वाहतूक रियाधमधील एकाच सरकारी केंद्रातून गाळून जाई. ताइफचा माणूस परदेशी पान उघडे तेव्हा त्याचे पाकीट आधी सातशे-साडेसातशे किलोमीटर रियाधला जाई. पुढे इंटरनेटवरून बोलण्याच्या सेवांनाच बंदी होती. जून २०१३ मध्ये व्हायबर बंद केले गेले. सप्टेंबर २०१७ मध्ये, नियम पाळणाऱ्या सेवांपुरती, ती बंदी उठली. ज्याला आम्ही सर्वांत आधी वाट द्यावी म्हणतो तो माणसाचा आवाजच तेथे कित्येक वर्षे रांगेत उभा राहू शकत नव्हता. १९७० च्या दशकापासून रत्नागिरी-रायगडच्या खाड्यांवरील कित्येक मराठी मुसलमान कुटुंबांतले कर्ते पुरुष सौदीत राबत आले आहेत. त्यांच्या घरी फोन म्हणजे काय, हे आपल्याला समजावे लागत नाही. आपले आजे-पणजे तर पत्र पाठवण्याच्याही पलीकडच्या अंतरावर येऊन पडले होते.

म्हणून संस्थांनी यादी करताना आणखी एक ओळ लिहावी, असा आमचा आग्रह आहे. कामगारांच्या वसाहतीचा, परिचारिकांच्या वसतिगृहाचा दुवा बहुतेक ठिकाणी सर्वांत खालच्या रांगेत टाकलेला असतो, पाहुण्यांच्या वायफायबरोबर. "खासगी वापर" असा त्यावर शिक्का. आता बहुतेकांच्या हातात स्वतःचा मोबाइल असतो हे खरे, पण डेटा विकत घ्यावा लागतो, आणि महिन्याचा पगार घरी पाठवणारा माणूस डेटा मोजून वापरतो. त्याच्या आवाजाला लागते किती? पाहिलेच आपण, सेकंदाला ८० किलोबिट. एकाच वेळी पन्नास जण घरी बोलत असले तरी ४ मेगाबिट. संचालकांच्या एका उच्च दर्जाच्या चित्र-बैठकीला यातला बराचसा भाग लागतो. खासगी म्हणून चित्रपट खाली राहू दे, आमची हरकत नाही. आवाज वरच्या रांगेत जाऊ दे, मग तो कोणाचाही असो. यंत्राला हे करणे अवघड नाही, ४६ चा शिक्का वसतिगृहाच्या पाकिटावरही तितक्याच सहजतेने बसतो.

आणि ही यादी लपवू नये. आज बहुतेक संस्थांत ती राउटरच्या पोटात, आज्ञांच्या भाषेत लिहिलेली असते. एक-दोन तंत्रज्ञांखेरीज ती कोणी वाचलेली नसते. तो तंत्रज्ञ नोकरी सोडून गेला की तीही विसरली जाते, आणि पाच वर्षांपूर्वी गेलेल्या साहेबांचे यंत्र अजून पहिल्या रांगेत बसलेले असते. एका कागदावर, साध्या भाषेत, ती सूचनाफलकावर लावावी. आमच्या वाचकांपैकी जे या क्षेत्रात आहेत त्यांनी आपल्या कचेरीत सोमवारी विचारून पाहावे की अशी यादी आहे का, ती कोणी केली, आणि सामान्य रांगेला किती टक्के ठेवले आहेत. उत्तर मिळाले नाही तर समजावे की यादी आहे, पण ती कोणी ठरवलेली नाही.

शेवटी घड्याळाचा एक मुद्दा राहिला. बॅकअपची वेळ बहुधा कचेरी सुटल्यावरची लावतात, कारण तेव्हा जाळे रिकामे असते, असे मानले जाते. कचेरीचे जाळे रिकामे असते, वसतिगृहाचे नव्हे. ताइफमध्ये रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे नऊ आणि कोकणात साडेदहा झालेले असतात. दिवसपाळी संपवून, जेवून, माणूस घरी फोन लावतो ती हीच वेळ, आणि तिकडे म्हातारी आई निजायच्या आधीची शेवटची वेळही हीच. नेमकी त्याच वेळी पार्सलांची रांग सुटते. बॅकअप रात्री दोनला सुरू केला तर पहाटेच्या आत संपतो, त्यासाठी नवी लाइन लागत नाही, यंत्रातला एक आकडा बदलावा लागतो.